चवळीखाऊ जाराचं पोतं

फाराबाको, ४ फेब्रुवारी

तेनिन ताई,

घरात शांती आहे का? पोरं शांतीत आहेत का? दाजी शांतीत आहेत का? तू म्हणणार, शांतीच आहे. मग तू मला विचारणार आणि मला तसं म्हणता येणार नाही. म्हणून पुढचंच लिहिते.

ह्यांना धरून नेलं. मंगळवारी सकाळी बंदुकवाले आले. खाणीच्या फाटकाला साखळी घातली, सोनं ठेवायच्या खोलीला लाख लावली. खाण चालवणाऱ्या परदेशी वॉरन साहेबाला घरातल्या चपलांवरच बाहेर काढलं आणि साहेबाची गाडी चालवतात म्हणून ह्यांनाही, माझ्या सांबालाला, त्याच्याबरोबर चढवलं. म्हणतात, साहेब गाडीतून सोनं चोरून नेत होता आणि ड्रायव्हरला सगळं ठाऊक आहे. मी भाकरीचं पीठ कालवत होते. हात धुवून फाटकापर्यंत पोचले तोवर नुसती धूळ. माझा फोनही घेतला. सगळ्यांचेच घेतले. म्हणून हे पत्र बसवाल्याकडे दिलंय, लोण्याच्या डब्याच्या तळाला. मी चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

लोक म्हणतात बामाकोला नेलंय, छावणीत. ताई, तू तिथं जेवण नेशील का? आत घरचंच खायला लागतं म्हणे, सरकार काही देत नाही.

एक बरं आहे. जारा साहेब आहेत. काल आले होते. खाणखात्याचा एवढा मोठा माणूस, पण दारातूनच ओरडले, "ए माझे गुलाम, माझा नावकरी कुठाय?" मी रडत होते तरी तोंडातून निघालंच, "चवळीखाऊ, आधी पाय पुस." बाळाचं नाव ठेवायच्या दिवशी तूच त्यांना म्हणाली होतीस ना, जारा म्हणजे आम्हा डेंबेल्यांचे गुलाम, जन्मभर चवळी खाऊन फुगलेले. सगळे पोट धरून हसले होते. दोन्ही कुळांचं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं आहे म्हणून तर आम्ही बाळाला त्यांचं नाव दिलं, दोघं एकमेकांचे नावकरी झाले. आता तेच कामाला येईल. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, मी आहे.

बाळ दूध पीत नाही नीट. माझंच आटलंय बहुतेक.

वासा

---

बामाको, ९ फेब्रुवारी

वासा,

रडू नकोस, दूध खरंच आटतं.

सापडला. दोन छावण्या फिरले, तिसरीत सापडला. रोज दुपारी डबा नेते. बाहेर आम्ही बायकांची रांगच असते, प्रत्येकीच्या डोक्यावर डबा. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ. माझ्या पुढं कंपनीच्या हिशेबनीसाची बायको असते, चांगली गाडीतून फिरणारी, तीपण उन्हात उभी. तुझा नवरा बरा आहे. काल भेंडीचं कालवण नेलं होतं, चाटूनपुसून खाल्लं. भांडं धुतल्यासारखं परत आलं. तेव्हा काळजी नको.

इथं सगळे एकच बोलतात. सरकारला त्या कंपनीचा हात पिरगाळायचाय. आधी पिरगाळत होते तो एका बोटानं, आता पंजानं. तुझे दाजी म्हणतात, दुसऱ्या दोन परदेशी कंपन्यांनी बंगले रिकामे केले. त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या बायका आता माझ्या शेजारी बसून भजी विकतात. एका गल्लीत किती भजी खपणार?

छावणीतला शिपाई म्हणाला, ड्रायव्हरनं एक सही केली की सुटला. साहेबानं गाडीत सोनं लपवलं, एवढंच लिहून द्यायचंय. साहेब काय आपला मामेभाऊ आहे? करून टाकू दे सही. तुझ्या जाराला सांग, त्याला दोन शब्द समजव म्हणून. आपलं माणूस आहे, धरून ठेव.

तेनिन

---

फाराबाको, १४ फेब्रुवारी

ताई,

हे भेंडी खात नाहीत.

लग्न झाल्यापासून कधी खाल्ली नाही. बुळबुळीत लागते म्हणतात, लहानपणी आईनं मारलं तरी खाल्ली नाही. तू त्यांना पाहिलंस का? डोळ्यांनी पाहिलंस का? खरं सांग. मला फसवून तुला काय मिळणार.

दुसरं सांगते ते वाचून हे पत्र जाळ.

खाणीचं दुकान बंद झालंय. तिथून उधारीवर धान्य मिळायचं, ते थांबलं. घरात ज्वारी संपली. कोठीत एक तांदळाचं पोतं होतं, जारा साहेबांचं. तुला मागे मी किती कौतुकानं सांगितलं होतं, की बाळाचा नावकरी दर महिन्याला येतो, कापड आणतो, साबण आणतो, माझ्या हातचं जेवतो. आणि हे साहेबाच्या गाडीतून तांदूळ आणून ठेवायचे, जारा साहेब जाताना पोतं घेऊन जायचे. मी विचारलं तर हे म्हणायचे, कंपनी त्यांना तांदूळ देते, त्यांच्या घरी माणसं खूप. मला खरंच वाटलं. ताई, मला वाटलं, माणूस बाळासाठी येतो.

या वेळचं पोतं न्यायच्या आधीच धरपकड झाली. काल मी त्यातून दोन मापं काढायला हात घातला. आत काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नोटा आहेत. खूप. मी हात काढला आणि तोंड शिवून टाकलं. पोत्याचं.

म्हणजे दर महिन्याला माझ्या घरात लाच बसायची, तांदळाखाली. सोनं बाहेर न्यायच्या परवान्याची. आणि माझं लेकरू वर पांघरूण म्हणून घातलेलं.

आज जारा साहेब परत आले. मी काही कळू दिलं नाही. गुलाम कुठली म्हणाले, मी चवळीखाऊ म्हटलं. पोत्याचं विचारलं, मी म्हटलं आहे तसंच आहे. म्हणाले, आत्ता रस्त्यात नाके आहेत, नंतर नेतो. मग म्हणाले, सांबाला अडून बसलाय, मूर्ख आहे. बाळाची काहीतरी वस्तू दे, त्याला बघून घराची आठवण येईल. मी बाळाची निळी टोपी दिली. ते गेल्यावर मला कळलं मी काय दिलं.

वासा

---

बामाको, २० फेब्रुवारी

वासा,

नाही पाहिलं. एकदाही नाही. शिपाई फाटकातून डबा आत घेतो आणि रिकामा बाहेर देतो. कोण खातं देव जाणे. तुझं दूध आटेल म्हणून खोटं लिहिलं. मला काय माहीत तुझ्या नवऱ्याला भेंडीचा राग.

तुझं पत्र आल्यावर मी शेंगदाण्याचं कालवण केलं आणि डबा माझ्या जुन्या ओढणीत बांधून दिला. म्हटलं, खाणारा कोण ते ओढणी सांगेल. संध्याकाळी परत आली तर गाठ वेगळी. ती ड्रायव्हर लोक टपावरचं सामान बांधताना मारतात ना, दुहेरी, ओढली की सुटते, तशी. शिपायाला असली गाठ मारायचं काय पडलंय. म्हणजे आहे. जिवंत आहे, हात चालतात. मी रस्त्यातच खाली बसले.

काल त्याच्या कोठडीतला एक म्हातारा सुटला, त्यानं मला फाटकाबाहेर गाठलं. तो म्हणाला, सांबालाला मारतात, पण हाडं शाबूत आहेत. टोपी आणून दाखवली त्याला. बघ, आम्ही घरात जातो येतो, असं म्हणाले. त्या दिवशी तो खूप रडला म्हणे. तरी सही करत नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, कुणासाठी अडतोस? तर म्हणाला, साहेबानं लाच दिली, सोनं नाही चोरलं. साहेबानं चोरलं असं लिहून दिलं की मी चोराचा ड्रायव्हर झालो. साहेबाला त्याचा देश सोडवून नेईल. मग चोर म्हणून कोण उरतो? मीच.

डोकं आहे तुझ्या नवऱ्याला. मला वाटलं नव्हतं.

आता ऐक. दाजींनी चौकशी केली. वॉरन साहेब दोन वर्षं देत होता. वरच्यांनी भाव वाढवला, तेव्हा नाही म्हणाला. म्हणून हे सगळं. त्याला हाकलायचा आणि खाण दुसऱ्या परदेशी लोकांना द्यायची, मधले हात तेच. तेव्हा तू मधे येऊ नकोस. पोतं जाराला गुपचूप दे आणि तोंड शीव. या वेळी तुझं.

तेनिन

---

फाराबाको, २ मार्च

ताई,

घाईत लिहिते, बस उभी आहे.

शुक्रवारी मंत्री येणार. बरोबर नवे परदेशी लोक, खाण बघायला. जारा साहेबांनी गावाला सांगितलंय, नाच ठेवा, बायकांनी सावरीच्या झाडाखाली भात रांधा, घरटी तांदूळ आणा. लोक खूश आहेत. शेजारची सानाबा तर नवऱ्याचा खाणीतला डगला धुवून वाळत घालून बसलीय.

मला वेगळं बोलले. म्हणाले, त्या दिवशी रस्त्यावर सगळ्या मंत्र्याच्याच गाड्या, कुणी अडवणार नाही. समारंभ झाला की पोतं न्यायला येतो. आणि शनिवारपर्यंत सांबालाची सही नाही झाली तर त्याला वाळवंटातल्या तुरुंगात पाठवतील, तिथून मी आणू शकणार नाही. असं म्हणताना बाळाच्या पायाला गुदगुल्या करत होते. बाळ हसत होतं.

पोतं दिलं तर माझ्याकडे काही उरत नाही. नाही दिलं तर पोतं माझ्या घरात सापडेल, आणि चोर मी.

मला एक सुचलंय. सांगत नाही. सांगितलं तर तू येऊन मला कोंडशील.

वासा

---

बामाको, ५ मार्च

वासा,

काही करू नकोस. तुला कसलं सुचलंय? लहानपणी तुला विहिरीत उतरायचं सुचलं होतं, वर कुणी काढलं? तू भित्री आहेस, भित्रीच राहा. भित्र्या बायकांचीच पोरं मोठी होतात. पोतं दे. पदर पसरून त्याच्या पाया पड. तो चवळीखाऊ असला तरी नात्यातला आहे, नात्याला लाजेल.

बसवाला म्हणतो, रस्ता मंत्र्यासाठी बंद आहे, पत्र कधी पोचेल सांगता येत नाही.

तेनिन

---

फाराबाको, ८ मार्च

ताई,

तुझं पत्र आज मिळालं. उशीर झाला.

नात्याला लाजेल म्हणतेस, मीही तेच धरलं होतं. थट्टेच्या नात्यात काहीही बोललं तरी चिडायचं नसतं, चिडला तर त्याची अब्रू जाते. मला दुसरं काही येत नाही ताई. कायदा येत नाही, सरकारी भाषा येत नाही. चवळीवरून चिडवता येतं, तेवढंच.

शुक्रवारी मी पोतं सानाबाच्या गाढवगाडीवर घातलं. बाळाला पाठीला बांधलं. गाडीचा दांडा धरूनच चालले. झाडाखाली मंडप होता. मंत्री मधे, त्यांच्या एका बाजूला जारा साहेब, दुसऱ्या बाजूला नवे परदेशी, दोन पुरुष आणि एक बाई, घामानं निथळलेले. त्यांच्या मागे दुभाषी. बायकांची चूल पेटली होती, पाणी उकळत होतं.

जारा साहेबांनी गाडी पाहिली. पोतं ओळखलं. उठून अर्ध्या वाटेवर आले आणि हळू म्हणाले, हे माझ्या गाडीत ठेव.

मी मोठ्यानं म्हटलं, "ऐका हो सगळे. माझ्या गुलामाला भाताची भीती वाटते."

ढोलवाला थांबला. लोक हसायला लागले. मी म्हटलं, ह्याच्या आज्यानं चवळी खाल्ली, बापानं चवळी खाल्ली, आज मालकीण स्वतःच्या घरचा तांदूळ आणून रांधून घालते तर हा म्हणतो गाडीत लपव. घरी एकटाच खाणार का रे, चवळीखाऊ? मंत्रीसुद्धा हसले. त्यांनी हात करून म्हटलं, "रांधू दे, रांधू दे. डेंबेलेचं ऐकावं लागतं बाबा."

जारा साहेब हसले. त्यांना हसायलाच लागलं. माझ्याकडे बघत हसले, आणि ताई, मला लघवी होईल असं वाटलं.

सानाबानं आणि मी पोतं उचललं आणि मोठ्या घमेल्यात उलटं केलं. तिला काही सांगितलं नव्हतं मी. आधी तांदूळ आला. मग काळं गाठोडं धप्पकन पडलं, मग दुसरं. एक फाटलं आणि नोटा तांदळावर पसरल्या. सानाबानं एक गड्डी उचलून उन्हात धरली आणि म्हणाली, "अगं वासा, ही कुठल्या जातीची चवळी?"

पहिल्यांदा लोक हसले. मग पुढचे थांबले, मग मागचे. चुलीवरच्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

मी म्हटलं, मला काय माहीत. पोतं वॉरन साहेबाच्या गाडीतून आलंय, ह्याच्यासाठी. दर महिन्याला येतं. माझ्या नवऱ्यानं आणलं, म्हणून तो आत बसलाय. मालक, तुझं पोतं पोचलं. माझा नवरा दे.

मालक म्हटलं मी त्याला. शेवटी गुलाम मीच.

जारा साहेब अजून हसतच होते. म्हणाले, "माझ्या गुलामाला तांदूळसुद्धा निवडता येत नाहीत." कुणी हसलं नाही.

ती परदेशी बाई दुभाष्याकडे वळून काहीतरी विचारत होती. तो बुटांकडे बघत राहिला. ती पुन्हा विचारेना. तिनं घमेल्याकडे पाहिलं, जारा साहेबांकडे पाहिलं, मंत्र्यांकडे पाहिलं आणि मांडीवरची वही पिशवीत घातली. मंत्र्यांना फोन आला. म्हणजे त्यांनी फोन कानाला लावला. ते गाडीत बसले, मागोमाग परदेशी बसले, पण त्यांची गाडी खाणीकडे वळलीच नाही, सरळ विमानाच्या पट्टीकडे गेली. नोटा दोन पोलिसांनी घमेल्यासकट उचलून नेल्या. तांदूळ पण गेला. पोरं नुसता रस्सा प्यायली.

आता गावात माझ्याशी कुणी बोलत नाही. सानाबानं डगला दोरीवरून काढून घडी करून ठेवलाय. मी विस्तव मागायला गेले तर दारातच म्हणाली, "तुझा नवरा येईल. आमच्या नवऱ्यांना आता कोण कामाला बोलावणार? कुठला परदेशी येईल इथं?" तिचं खरं आहे.

ह्यांचं काही कळलं का? शनिवार होऊन गेला.

वासा

---

बामाको, १२ मार्च

वासा, वासा, वासा,

समोर बसलाय. माझ्या खाटेवर बसलाय आणि कोंबडीचं हाड चोखतोय.

रविवारी मागच्या दरवाज्यानं बाहेर ढकलला. कागद नाही, काही नाही. शिपाई म्हणाला, तुला आम्ही कधी धरलंच नव्हतं. सही कुणाला नको झाली आता. गोष्ट सगळ्या बसस्थानकांवर पोचलीय, माझी गिऱ्हाइकं भजी चवळीची म्हटलं तरी हसतात. साहेबालाही सोडलं. कंपनीनं काहीतरी भरलं म्हणे, आणि विमानात चढताना तो म्हणाला की या देशात परत पाय ठेवणार नाही. नवे परदेशी तर त्याच्या आधीच गेले.

एका कानानं कमी ऐकू येतं त्याला. दोन बोटं सुजलीत. बाकी आहे तसा आहे. टोपी सोडत नाही, मुठीवर घालून झोपतो. मी मुद्दाम भेंडी वाढली, तर ताट ढकलून म्हणाला, "ताई, छावणीत मार खाल्ला, तेवढा पुरे." तेव्हा पहिल्यांदा हसला.

तुला शिव्या द्यायला बसले होते, लिहिता लिहिता राहून गेल्या. पोराला घे आणि ये. इथं दोघं भजी तळा माझ्याबरोबर. बामाको मोठं आहे, इथं कोण कुणाला ओळखतं.

तेनिन

---

फाराबाको, १७ मार्च

ताई,

तुझं पत्र छातीशी धरून मी बाळाला घेऊन नाचले. बाळाला वाटलं सणच आहे.

पण आम्ही बामाकोला येत नाही. कारण सांगते.

काल जारा साहेब आले. मला वाटलं होतं त्यांना आत टाकलं असेल. निरोप घ्यायला आले होते. तिकडे तुझ्याच बामाकोत बोलावलंय, वरच्या जागेवर, मोठी खुर्ची. घमेल्यातले पैसे मंत्र्यांपर्यंत पोचले असणार, दुसरं काय.

दारात उभे राहिले. आत आले नाहीत. मी वाट बघत होते, गुलाम म्हणतील, मग मी काहीतरी म्हणेन, मग कसंही करून ते निभेल. ते बोललेच नाहीत. म्हणून मीच सुरुवात केली. म्हटलं, ये चवळीखाऊ, चहा टाकलाय. हसले नाहीत. मी परत म्हटलं, पोट फुगलंय का, चवळीखाऊ? बाळ त्यांना ओळखतं, त्यानं हात पुढे केले. त्यांनी घेतलं नाही.

म्हणाले, "नको, वासा डेंबेले. तुमचं आमचं काही नातं नाही."

नीट बोलले ताई. अदबीनं, पूर्ण नाव घेऊन, परक्या बाईशी बोलावं तसं. मग रूमालानं कपाळ पुसलं आणि गाडीत बसले.

नातं आहे तोवर त्याला माझ्यावर रागवायला बंदी होती. आता मोकळा झाला.

म्हणून ह्यांना तुझ्याकडे ठेवू नकोस. हे पत्र वाचलं की लगेच किता गावच्या बसमध्ये बसव. मी शनिवारी तिथल्या स्थानकावर उतरेन, तिथून आम्ही नदीपलीकडे ह्यांच्या आईच्या गावी जाऊ. पोचले तरी तुला कळवणार नाही. तू कुणाला विचारू नकोस. तुझ्या दारी कुणी चौकशीला आलं तर सांग, बहीण भांडून गेली.

सानाबानं काल पाठीमागच्या दारातून विस्तव दिला. बोलली काही नाही, पण दिला.

रस्त्यात लोक बाळाचं नाव विचारतील. पूर्वी मी केवढ्या मोठ्यानं सांगायचे, मोदिबो, जारा साहेबांचा नावकरी. आता सगळी वाट त्याला नुसतं बाळ म्हणत जाणार आहे. नदी ओलांडली की ह्यांना सांगेन, ह्याला दुसरं नाव द्या. कुठल्याही मोठ्या माणसाचं नको.

वासा